साक्ष आणि साहित्य : झाबेल येसायान यांचे दोन ग्रंथ

आर्मेनियन लेखिका व अनुवादक झाबेल येसायान यांच्या वाङ्मयाचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही : नरसंहाराचे वर्णन कलात्मक झाले, तर साक्ष म्हणून त्याचे मूल्य उणावते काय? त्यांच्या दोन ग्रंथांनी या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे दिली आहेत.

येसायान यांचा जन्म १८७८ साली कॉन्स्टँटिनोपलच्या उस्कुदार भागात झाला. उच्च शिक्षण पॅरिसमध्ये सॉर्बोन येथे झाले. १९०९ मध्ये अदाना येथे आर्मेनियनांची कत्तल झाली, तेव्हा आर्मेनियन धर्मपीठाने पाठविलेल्या मंडळाबरोबर त्या तेथे गेल्या. या अनुभवातून ‘भग्नावशेषांत’ (१९११) हा ग्रंथ निर्माण झाला. त्यात निवेदिकेची संवेदना केंद्रस्थानी आहे. उद्ध्वस्त वस्त्या, विधवा व अनाथ मुले यांचे दर्शन वाचकास तिच्या व्याकूळ मनातूनच घडते. पाहिलेले सोसवत नाही, हीच येथे साक्ष होय.

२४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधील आर्मेनियन विचारवंतांची धरपकड सुरू झाली. यादीत नाव असूनही येसायान निसटल्या. प्रथम बल्गेरियात व पुढे कॉकेशसमध्ये पोहोचल्या. निर्वासितांच्या हकीकती टिपून घेणे व त्यांचे फ्रेंच भाषांतर करणे हे आता त्यांचे कार्य झाले. १९१७ मध्ये बाकू येथील ‘गोर्ट्स’ या नियतकालिकात त्यांनी हाइक तोरोयान यांची साक्ष प्रसिद्ध केली. एका जर्मन अधिकाऱ्याचे दुभाषी म्हणून तोरोयान यांनी युफ्रेटिसकाठच्या छावण्या पाहिल्या होत्या. या लेखनातील ‘मी’ तोरोयान यांचा आहे. दुसऱ्याच्या शब्दांसाठी स्वतःचा स्वर आवरण्याची अनुवादकाची शिस्त येथे लेखिकेने अंगीकारली आहे.

म्हणून या ग्रंथास केवळ कागदपत्र मानणे योग्य ठरणार नाही. प्रसंगांची निवड, त्यांचा क्रम आणि भाषेचा संयम हे लेखिकेचेच आहेत. तसेच, पहिल्या ग्रंथातील भावनावेगामुळे त्याची सत्यता कमी होत नाही. अदानाला वाचलेल्यांचे दुःख तिला आपल्या शब्दांत पेलता आले. १९१५ च्या संहारापुढे तिने तो अधिकार प्रत्यक्षदर्शीस दिला. ही निवड वाङ्मयीन आहे, तशीच नैतिकही आहे.

१९३३ मध्ये येसायान सोव्हिएत आर्मेनियात येरेव्हान येथे स्थायिक झाल्या व तेथील विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. १९३५ मध्ये त्यांच्या बालपणाच्या आठवणी ग्रंथरूपाने आल्या. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. मृत्यू सामान्यतः १९४३ च्या सुमारास कैदेत झाला असे मानतात. त्याची परिस्थिती निश्चित झालेली नाही. इतरांची मरणे शब्दबद्ध करणाऱ्या या लेखिकेच्या अखेरीस तोरोयान यांच्यासारखा साक्षीदार लाभला नाही.