प्रबंध आणि प्रबंधिका

उच्च पदवीसाठी लिहावयाच्या दीर्घ लेखनास कोणती संज्ञा योजावी, हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. संज्ञेबरोबर अपेक्षाही येते. इंग्रजीचा आधार येथे अपुरा पडतो. ब्रिटनमध्ये डॉक्टरेटसाठी ‘थीसिस’ व एम. ए. साठी ‘डिझर्टेशन’ म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत तो बहुधा उलट आहे.

मराठीत ‘शोधप्रबंध’ हा शब्द सर्रास योजला जातो. हिवरखेडसह सारा वऱ्हाड 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता व तेथे हिंदी-मराठीचा नित्य संपर्क होता. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. म्हणून तेथे ‘शोध’ हे पूर्वपद आवश्यक ठरते. मराठीस ती अडचण नाही. ‘प्रबंध’ म्हणजे नीट बांधलेले लेखन. प्रमाणे व निष्कर्ष यांची बांधणी त्या शब्दातच अभिप्रेत आहे.

‘लघुप्रबंध’ ही संज्ञा मात्र सदोष होय. ती पृष्ठसंख्या सांगते, स्वरूप सांगत नाही; शिवाय एम. फिल. ही पदवी 2022 च्या नियमांनी बंद झाल्यावर तिचे एक मुख्य स्थानही गेले. त्यापेक्षा ‘प्रबंधिका’ बरी. नाटिका म्हणजे अपुरे नाटक नव्हे. तसेच प्रबंधिका म्हणजे अपुरा प्रबंध नव्हे. हिवरखेडच्या बोलीतील एका प्रत्ययाचे काटेकोर वर्णन ही प्रबंधिका; त्यावरून वऱ्हाडीच्या रूपव्यवस्थेविषयी नवा सिद्धांत प्रस्थापित करणे, हा प्रबंध. भेद विस्ताराचा नसून प्रतिज्ञेचा आहे.