‘ज्युरासिक पार्क’ आणि विसरलेला मजूर

पिंपळे गुरवचे राजमाता जिजाऊ उद्यान पिंपरी-चिंचवडच्या मुलांना ‘डायनासोर गार्डन’ म्हणूनच ठाऊक आहे. तिथल्या अजस्र पुतळ्यांखाली फोटो काढण्यासाठी मुले हट्ट धरतात. हे सारे शहर ज्या काळ्या खडकावर वसले आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमाराच्या लाव्हाचा. तेव्हा या प्राण्यांशी आपले नाते अगदीच परके नाही. त्यांना कथेत जिवंत करणारी सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे मायकेल क्रायटन यांची ‘ज्युरासिक पार्क’ (१९९०). ती मराठीतही अनुवादित झाली आहे. पण १९९३ च्या चित्रपटामुळे अनेकांना ती न वाचताच वाचल्यासारखी वाटते. आम्हीही बरीच वर्षे याच भ्रमात होतो.

जॉन हॅमंड हा धनिक कोस्टारिकाजवळचे एक बेट घेतो. झाडाच्या राळेत थिजलेल्या कीटकांच्या पोटातले रक्त मिळवून त्यातून डायनासोर घडवतो आणि त्यांचे प्रेक्षणीय उद्यान उभारतो. उद्घाटनापूर्वी तज्ज्ञ पाहणीला येतात आणि सारा डोलारा कोसळतो.

विज्ञान म्हणून पाहिले तर या कादंबरीचा पाया आता उरलेला नाही. हाडांतला डीएनए दर ५२१ वर्षांनी निम्मा होत जातो, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. कोट्यवधी वर्षे तो टिकणे शक्यच नाही. कादंबरीतला माणसाएवढा व्हेलोसिरॅप्टर प्रत्यक्षात टर्की कोंबड्याएवढा होता, आणि त्याला पिसे असल्याच्या खुणा २००७ मध्ये पुढे आल्या. परंतु ही उणीव आम्ही मोठी मानत नाही. ‘अलिफ लैला’त हजरत सुलेमान यांच्या मोहोरेने बंद केलेल्या घड्यातून जिन बाहेर येतो, तेव्हा तो आत मावला कसा, हे आपण विचारत नाही. तो बाहेर आल्यावर माणूस कसा वागतो, हे पाहतो. ‘ज्युरासिक पार्क’ही आता अद्भुतकथा म्हणूनच वाचली पाहिजे.

तशी वाचली की तिचे खरे बळ दिसते. संगणक बेटावरचे प्राणी सतत मोजत असतो. अपेक्षित संख्या २३८, आणि पडद्यावरही २३८. माल्कम हा गणितज्ञ मोठा आकडा घालून मोजणी करायला लावतो, तेव्हा २९२ प्राणी निघतात! यंत्र खोटे बोलत नव्हते. प्राणी मरतील वा पळतील, एवढीच भीती मालकांना होती. वाढतील, हा विचारच नव्हता. म्हणून यंत्र अपेक्षित आकडा भरला की थांबत होते. जो आकडा साहेबाला हवा तोच तक्त्यावर दिसणे म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे बळ हॅमंडच्या तोंडच्या एका युक्तिवादात आहे. हे तंत्र औषधांसाठी का वापरायचे नाही, हे तो आपल्या शास्त्रज्ञाला सांगतो. औषध काढले की सरकार किमतीत हात घालते; करमणुकीच्या दरात मात्र कुणी पडत नाही. हे वाचताना आम्हांला आमची पिंपरी आठवली. इथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथेही टाक्यांत एक सजीवच वाढवला जाई, पेनिसिलिनची बुरशी. पण हेतू औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणण्याचा होता. पुढे तो कारखाना आजारी उद्योगांत गेला, हे खरे. तरी ज्ञान कुणासाठी वापरायचे, या प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत, आणि कादंबरीतली आपत्ती हॅमंडच्या उत्तरातच सुरू होते.

आता उणिवा. माल्कम जखमी होऊन पडल्यावरही पानेच्या पाने व्याख्यान देतो. तिथे कथा थांबते आणि लेखक बोलू लागतो. लहानग्या लेक्सच्या वाट्याला रडण्या-कुरकुरण्यापलीकडे फारसे काही येत नाही. शहाणपण सारे तिच्या भावाकडे. पण सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. कादंबरीच्या सुरुवातीला एका कोवळ्या वयाच्या मजुराला दवाखान्यात आणतात. बांधकामाच्या यंत्राखाली सापडला, असे कंपनीचा माणूस सांगतो. डॉक्टरणीला मात्र जखमा जनावराने फाडल्यासारख्या दिसतात. पोरगा मरतो. अपघात घडला कसा, यापेक्षा तो कागदावर दाखवायचा कसा, याची घाई किती जुनी असते! इतकी जळजळीत सुरुवात करून लेखक त्या पोराला विसरतो. त्याला नाव नाही, घर नाही. त्याच्या आईला कुणी काय सांगितले, हेही कळत नाही. शेवटी हॅमंडला छोटे डायनासोर खातात आणि न्याय झाल्याचे समाधान वाचकाला मिळते. ते फार स्वस्त आहे. जनावराने मालकाला खाल्ले म्हणून मजुराचा हिशेब चुकता होत नाही.

तरीही ही कादंबरी वाचावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. आपल्या मुस्लिम मराठी लेखकांनी वस्तीचे, दारिद्र्याचे, दंगलीचे वास्तव निष्ठेने मांडले. अद्भुतकथेकडे मात्र आपण पोरांचे वाङ्मय म्हणून पाठ फिरवली, असे आम्हांस वाटते. वास्तविक दास्तान हा आपल्या घरचा वारसा आहे. क्रायटन यांनी जो मजूर वाऱ्यावर सोडला, त्याच्या उंबऱ्यापासून सुरू होणारी अद्भुतकथा याच औद्योगिक पट्ट्यातला एखादा तरुण लिहू शकेल. त्यात डायनासोर असले तरी चालतील; पण त्या पोराला नाव हवे.