पाहणारी, ऐकणारी, करणारी मुले?

काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही करून. म्हणून ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवावे, असे मेंदूविज्ञानाच्या नावावर शिक्षकांना सांगितले जाते. मेंदूत दृष्टी, श्रवण, स्पर्श यांची केंद्रे वेगळी आहेत हे खरे, पण ती एकमेकांशी जोडलेली असतात.

दावा तपासायचा कसा? प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना 'त्यांच्या' पद्धतीने, निम्म्यांना दुसऱ्या पद्धतीने शिकवून सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. हॅरॉल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा असे प्रयोग फार थोडे आढळले, आणि त्यांतलेही काही दाव्याच्या विरुद्ध जाणारे. तरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९३ टक्के ब्रिटिश शिक्षकांना हा दावा खरा वाटत होता.

आपल्या मुळशीकडे पाहा. इथले मूल भातलावणी शिकते ते पाहून, ऐकून आणि चिखलात उतरून. नकाशा समजायला पाहावे लागते, कवितेची लय कळायला ऐकावे लागते. पद्धत विषयावरून ठरते, मुलावर मारलेल्या शिक्क्यावरून नव्हे. 'हा करून शिकणारा' म्हणत एखाद्याच्या हाती पुस्तकच दिले नाही, तर वाचायचे राहून जाते ते त्या मुलाचे.