पायांचा फोटो आणि अर्धी घोषणा

मार्च २०१८ मधला तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. सोललेले, रक्ताळलेले तळवे. चेहरा नाही. नाशिकहून मुंबईला चालत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातला. तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो. हॉस्टेलच्या गादीवर पडल्या पडल्या तो स्टेटसला ठेवला, खाली हात जोडलेला इमोजी. चोवीस तासांनी तो आपोआप गेला. मोर्चा माझ्याच गावातून, सीबीएस चौकातून निघाला होता, हे मला बातमीतून कळलं.

आज वाटतं, तो फोटो जितका प्रभावी, तितकाच अपुरा आहे. त्यात वेदना दिसते, मागणी दिसत नाही. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी सुमारे १८० किलोमीटर चालले ते मुख्यतः कसत असलेली वनजमीन २००६ च्या कायद्याप्रमाणे नावावर व्हावी म्हणून. सातबारा फ्रेममध्ये मावत नाही. दहावीच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून ते शेवटच्या रात्री न झोपता सोमय्या मैदानातून आझाद मैदानाकडे चालले. शहराने सगळ्यात जास्त कौतुक केलं ते याचंच. म्हणजे आपल्याला त्रास दिला नाही, याचं! २०१९ आणि २०२३ मध्ये ते पुन्हा निघाले. तेव्हा माझं स्टेटस कोरं होतं.

फोटो आपल्याला बघ्या करतो. घोषणा काय करते, ते मला तपोवनात कळलं.

सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं हटवण्याचा महापालिकेचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात आला आणि नाशिककर तिथे जमू लागले. एका रविवारी मीही गेलो, मोबाईल हातात धरून. पुढच्या मुलीने घोषणेचा पहिला अर्धा भाग दिला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. शेजारी आईच्या वयाच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, ‘‘दादा, मोबाईल खिशात ठेवा. हात तरी मोकळा होईल.’’

साहित्यप्रकार म्हणून घोषणेला आपण कधी मोजत नाही. पण ती मुद्दाम अर्धी ठेवलेली रचना आहे. गोंधळात मागच्यांनी झील धरली नाही तर गाणं उभं राहत नाही, तसंच. उत्तर आलं नाही तर तो एका माणसाचा नुसता आरडाओरडा. ती गळा बघत नाही, डिग्री बघत नाही. फक्त उरलेला अर्धा भाग मागते. तिसऱ्या खेपेला मी तो दिला.

तिच्यात दोषही आहे. घोषणेत ‘पण’ला जागा नसते. आमची बिल्डिंग उभी राहताना एक आंबा गेला. तिथे आता आमची कार उभी असते. हे कुठल्या यमकात बसवणार?

घोषणा थांबल्या, चहा आला. मी त्या बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या. ‘‘मी तरी पर्वणीला रामकुंडावर जाणारच आहे. पण झाडंही हवीत ना!’’

म्हणजे ‘पण’ असतो. दोन घोषणांच्या मधल्या शांततेत असतो. तो ऐकायचा तर तिथे उभं राहावं लागतं.

त्या दिवसाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. सोमवारी मीटिंगमध्ये घसा बसलेला होता. ‘‘सर्दी झाली का?’’ मॅनेजरने विचारलं.

‘‘नाही. तपोवनात गेलो होतो.’’