हंगाम वजा करताना : पालघरच्या संदर्भात एक चिकित्सा

कालश्रेणीतून हंगामी बदल वजा करावेत आणि उरलेल्या आकड्यांवरून अर्थव्यवस्थेची दिशा ठरवावी, हा संख्याशास्त्रातील रूढ संकेत आहे. तो निरर्थक नव्हे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील बेरोजगारीचा दर एप्रिल २०२५ मध्ये ५.१ टक्के, तर मे महिन्यात ५.६ टक्के होता. हे आकडे हंगामी समायोजनाविना प्रसिद्ध झाल्याने ही वाढ मंदीची की रब्बीची कामे संपल्याची, हे केवळ त्यांवरून ठरविता येत नाही.

पालघर जिल्ह्यात मात्र या तंत्रामागील गृहीतकेच डळमळतात. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायने, औषधे, पोलाद यांचे उत्पादन बारमाही असल्याने तेथे हंगामास मूळ प्रवृत्तीवरील तरंग मानता येईल. सातपाटीच्या किनाऱ्यावर तसे नाही. यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. गुणाकार प्रतिमानात मूळ आकड्यास हंगामी निर्देशांकाने भागावयाचे असते. दोन महिने दोन्ही शून्यच असतील, तर भागावयाचे कशाने? शिवाय बंदी इंग्रजी तारखेने उठते, तर कोळी समाज नारळी पौर्णिमा पाहतो. अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये ती ऑगस्टअखेर आली. २०२५ मध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच. अमेरिकी जनगणना विभागाच्या एक्स-१३ या आज्ञावलीत ईस्टरची तजवीज आयती आहे, आपले सण अभ्यासकाने स्वतः घालावे लागतात. (हा दोष आज्ञावलीचा नव्हे, आपल्या आळसाचा.)

खरा आक्षेप याहून मूलगामी आहे. जव्हार-मोखाड्यातील अनेक वारली, कातकरी कुटुंबे भातकापणीनंतर वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यातील तूट भट्टीमालकाकडून घेतलेल्या उचलीने भरून निघते आणि पुढील हंगामाची मजुरी त्या उचलीतच वळती होते. म्हणजे हंगामी घटकच प्रवृत्तीची पातळी ठरवितो. हे दोन घटक परस्परांपासून स्वतंत्र असल्याचे जे गृहीत धरले जाते, ते येथे टिकत नाही. समायोजित श्रेणीत अशा कुटुंबाची परिस्थिती स्थिर दिसेल, आणि ती स्थिरता कर्जाची असेल.

म्हणून समायोजित श्रेणीसोबत मूळ आकडे व हंगामी निर्देशांक एकत्र छापणे आवश्यक ठरते. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडील नोंदी तारखेऐवजी तिथीनुसार मांडून पाहण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांना सहज करता येण्याजोगे आहे.