शब्द नसलेली गोष्ट आणि समोर बसलेला वाद्यवृंद

मुलांच्या ॲनिमेशनपटाची मैफल करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आज एकच उदाहरण घेऊ : ‘द स्नोमॅन’.

रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं मूळ पुस्तक नुसत्या चित्रांचं, शब्द नाहीतच. १९८२ च्या नाताळात ब्रिटनच्या चॅनल फोरवर त्याचा जेमतेम २६ मिनिटांचा चित्रपट आला. सुरुवातीचं निवेदन आणि एक गाणं सोडलं, तर सगळी गोष्ट हॉवर्ड ब्लेक यांचं संगीत सांगतं. म्हणूनच तो मैफलीत आणायचा मोह होतो.

आणायचे मार्ग दोन. एक : पडद्यावर चित्रपट, समोर वाद्यवृंद. दुसरा : पडदा नाही, निवेदक गोष्ट सांगतो, वाद्यवृंद वाजवतो. ही आवृत्तीही ब्लेक यांचीच.

दुसऱ्या मार्गात वाद्यवृंद मोकळा असतो. गाणाऱ्या मुलाला श्वास घ्यायला जरा वेळ लागला, तर संचालक थांबू शकतो. पण किंमत मोठी आहे. मुलगा आणि हिममानव एकमेकांशी बोलत नाहीत, यातच तर या मैत्रीची गंमत! जे सुरांतून कळलं असतं ते निवेदकाने आधीच सांगून टाकलं, की सूर शोभेपुरते उरतात.

पहिल्या मार्गात मौन टिकतं, पण मानगुटीवर घड्याळ बसतं. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याजवळ पेटी-तबला वाजायचा. ते वादकही चित्राच्या मागेच जायचे. पण प्रसंग लांबला तर आणखी एक आवर्तन घ्यायची त्यांना मुभा होती. इथे प्रत्येक स्वर लिहिलेला, चित्राला बांधलेला. अशा मैफलींत संचालकाच्या कानात बऱ्याचदा ठोके वाजत असतात, आणि तो मुलांकडे, वादकांकडे लक्ष देण्याऐवजी ठोके सांभाळतो.

तरीही माझं मत पडद्याच्या बाजूने. का, ते सांगतो.

उड्डाणाचं गाणं कसंही केलं तरी जमतं. ती चालच तशी आहे. कसोटी लागते शेवटी. सकाळ होते, हिममानव वितळलेला असतो, मुलगा गुडघे टेकून बसतो. खिशात हाताला मफलर लागतो, म्हणजे रात्रीचं सगळं खरं होतं. पुस्तकात हा मफलर नाही. ती भेट चित्रपटाने दिली. घरी मूल हे एकटं पाहतं. सभागृहात शेकडो मुलं तेच दुःख एकत्र पाहतात, आणि ते सूर ज्यांच्या हातून येतात ती माणसंही त्यांना दिसतात. निवेदकाने ‘तो वितळला’ असं सांगून हे साधत नाही.

म्हणून आयोजकांना एवढंच सांगावंसं वाटतं : शेवटच्या सुरानंतर लगेच दिवे लावू नका, आभार मानू नका. चित्रपटाच्या घड्याळातून वाद्यवृंद तेव्हा कुठे सुटलेला असतो. त्या दोन क्षणांची शांतता मुलांना मिळू द्या.