तेच ते, की दर वेळी वेगळे? स्टीव्ह राइश यांचे संगीत आणि श्रोत्यांचे मतभेद

प्रस्तावना

एकच रचना ऐकून एक श्रोता भारावतो आणि त्याच्या शेजारचा चिडतो, तेव्हा आपण ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय संपवतो. मिनिमलिस्ट संगीताबाबत, म्हणजे अगदी थोड्या स्वरसामग्रीच्या पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या संगीताबाबत, एवढ्याने भागत नाही. येथे नाराज श्रोता नुसता गप्प बसत नाही, तर कार्यक्रम थांबवा म्हणतो. असे का होते, आणि त्याच्या रागात काही तथ्य असते का, हे आपण अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश (जन्म १९३६) यांच्या तीन रचनांच्या आधारे पाहू.

१. कार्नेगी हॉलमधील गोंधळ

१८ जानेवारी १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ (१९७०) ही रचना सादर झाली. तिच्यात चार इलेक्ट्रिक ऑर्गन आणि मराकस, म्हणजे दाणे भरलेले खुळखुळे, एवढीच वाद्ये आहेत. मराकस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीने वाजतात. ऑर्गनवर एकच स्वरसंघात आहे. सुरुवातीला तो ११ मात्रांच्या आवर्तनात तुटक वाजतो. मग त्यातला एकेक स्वर लांबत जातो आणि शेवटी आवर्तन अडीचशेहून अधिक मात्रांचे होते. चाल नाही, आणि दुसरा स्वरसंघातही नाही.

त्याच संध्याकाळी लिस्ट आणि बार्टोक यांच्याही रचना होत्या. श्रोते आले होते ते प्रामुख्याने अशाच संगीतासाठी. ‘फोर ऑर्गन्स’ चालू असताना ओरडाआरडा सुरू झाला. स्वतः एका ऑर्गनवर बसलेले मायकेल टिल्सन थॉमस यांची आठवण अशी, की एक बाई पुढे येऊन रंगमंचाच्या कडेवर डोके आपटत ‘थांबवा’ म्हणत होत्या, आणि गोंगाटात वादकांची मोजणी चुकू नये म्हणून त्यांना स्वतःला मात्रा ओरडून सांगाव्या लागल्या. त्याच सभागृहात वाहवा करणारेही होते, हे मात्र विसरू नये.

२. ‘पियानो फेज’ : वर्गातला अनुभव

या घटनेला जुन्या काळातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे महान एस्फहानी हे हार्पसिकॉर्डवर राइश यांची ‘पियानो फेज’ (१९६७) वाजवत असताना श्रोत्यांतून टाळ्या, शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली. शेवटी त्यांना वादन अर्धवट सोडावे लागले. रचना तोवर जवळजवळ पन्नास वर्षांची झाली होती.

‘पियानो फेज’ची रीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लगेच कळते. दोन वादक १२ स्वरांचा एकच तुकडा एकत्र वाजवू लागतात. एक जण गती कायम ठेवतो. दुसरा किंचित वेग वाढवत एका स्वराने पुढे सरकतो आणि तेथे पुन्हा स्थिर होतो. अशी १२ पावले झाली, की दोघे पुन्हा एकत्र येतात. हे वाढत जाणारे कलांतरच. मध्ये मध्ये कानाला अशा चाली ऐकू येतात, ज्या दोघांपैकी एकही वादक स्वतंत्रपणे वाजवत नसतो.

मी ही रचना तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला ऐकवली, आधी काहीही न सांगता. तीन-चार मिनिटांनी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, फाईल अडकली आहे का?” मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “नाही, दुसरा पियानो पुढे गेलाय.” दोघांच्या कानांवर पडत होते ते एकच. ती पुढे काय येणार याची वाट पाहत होती. तो आत्ता काय सरकते आहे ते पाहत होता. मग मी रीत समजावली आणि रचना पुन्हा लावली. त्या मुलीने बाराही पावले अचूक मोजली. नंतर ती म्हणाली, “कळलं सर, पण आवडलं नाही. वाजवणाऱ्याला करायला काही उरलंच नाही.”

तिचे म्हणणे मला टाळता आले नाही. ‘लोकांना कळत नाही म्हणून ते चिडतात’ हे समर्थकांचे नेहमीचे उत्तर येथे पुरत नाही. राइश यांनी १९६८ च्या आपल्या निबंधात हेच उघडपणे मांडले होते: प्रक्रिया एकदा सुरू केली, की ती आपोआप चालते, आणि ती श्रोत्याला ऐकू यावी. म्हणजे मुलीला जे खटकले, ते रचनेचे उद्दिष्टच होते.

३. भारतीय कानांचे काय?

आपल्याला पुनरावृत्तीची सवय आहे, म्हणून हे संगीत आपल्याला जवळचे वाटेल, असे सांगितले जाते. या प्रवाहातील इतरांचे भारतीय संगीताशी नाते खरेच आहे. टेरी रायली आणि ला माँट यंग हे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकले. फिलिप ग्लास यांनी पंडित रविशंकर यांच्यासोबत काम केले. राइश मात्र १९७० मध्ये घानाला ढोलवादन शिकायला गेले.

आपली सवयही नीट तपासली पाहिजे. तबल्याच्या एकल वादनात लेहरा तासभर तोच राहतो, पण आपण लेहरा ऐकत नसतो. त्याच्या आधाराने तबला ऐकतो आणि समेवर दाद देतो. राइश जणू तबला काढून घेतात आणि लेहराच ऐका म्हणतात. त्यामुळे आपली सवय येथे मदत करते तशी अडवतेही.

४. अर्थाचा आक्षेप

‘कम आउट’ (१९६६) ही ध्वनिफितीवरची रचना वेगळा प्रश्न उभा करते. हार्लेममधील सहा कृष्णवर्णीय तरुणांच्या खटल्याच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात ती प्रथम ऐकवली गेली. त्यांपैकी डॅनियल हॅम यांना पोलिसांनी मारहाण केली होती. उपचार मिळावेत म्हणून रक्त दिसावे यासाठी त्यांना स्वतःची जखम दाबून फोडावी लागली. त्यांच्या या कथनातले काही शब्द राइश यांनी घेतले. ते शब्द एकमेकांपासून सरकत, दुप्पट-चौपट होत सुमारे १३ मिनिटांत नुसता नाद बनतात.

काहींना यात साक्ष न विझता घुमत राहिल्यासारखी वाटते. काहींना वाटते, की ज्याने बोलण्यासाठी एवढे सोसले, त्याचे बोलणेच पुसले गेले. मी अनेकदा ऐकून दुसऱ्या मताकडे झुकलो आहे. शेवटच्या मिनिटांत मला फक्त ध्वनी ऐकू येतो, माणूस नाही. तरीही सुरुवातीचे स्पष्ट वाक्य ऐकल्यावर ते कानातून जात नाही, हेही खरे.

समारोप

म्हणजे श्रोत्यांच्या नाराजीचे किमान तीन प्रकार दिसतात. पहिली अपेक्षाभंगाची, ती ऐकण्याची रीत बदलली, की बरीच ओसरते. दुसरी वादकाच्या स्वातंत्र्याची; ती रीत कळल्यावर उलट अधिक धारदार होते. तिसरी अर्थाची, ती कितीही ऐकले तरी सुटत नाही, आणि सुटू नये. समीक्षकाने या तिन्हींना ‘अज्ञान’ असे एकच नाव देणे ही त्याच्याच कानांची चूक ठरेल.

विचारासाठी प्रश्न

१. ‘पियानो फेज’ दोनदा ऐका. दुसऱ्या वेळी तुमचे मत बदलले, की फक्त तुमचे लक्ष?
२. लेहरा आणि ‘फोर ऑर्गन्स’मधील मराकस यांच्या कामात साम्य कोणते, फरक कोणता?
३. ‘कम आउट’ ऐकून हॅम यांचे शब्द कोणत्या क्षणी अर्थ गमावतात, ते नोंदवा आणि वर्गमित्रांच्या नोंदींशी ताडून पाहा.